सहा भोकांची चाकं

देवरावभाऊंनी बसून चहा घेतल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. एक पाय माझ्या दुकानाच्या पायरीवर, दुसरा रस्त्यावर, चप्पल अर्धी निघालेली आणि नजर कुठल्या तरी पुढच्या कामावर. चहा गरम असला की बशीत ओतायचे, बशीत निवेना म्हणून फुंकर मारायचे, आणि फुंकरीनंही ऐकलं नाही तर बशी तशीच ठेवून "चाला वहिनी, निंगतो" म्हणत चालू लागायचे. मी मागून ओरडायची, "अहो, निंगायचंच होतं तर आले कशाला?" ऐकायला माणूस असायचा कुठं!

आमची घरं भिंतीला भिंत लागून. गाव आदिलाबादच्या अंगाचं, पैनगंगेच्या अलीकडचं. नदीपलीकडं महाराष्ट्र. घरात मराठी, शाळेत तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी, असा आमच्या जिभेचा रोजचा बाजार. यजमान गेल्यावर किराणा दुकान मीच चालवत आले. देवरावभाऊ यजमानांचे मित्र, म्हणून मी वहिनी.

ते सरकारी बसवर ड्रायव्हर होते. त्यांच्या बसची वेळ चुकायची नाही म्हणून प्रवासी खूश, आणि तिकिटं फाडून व्हायच्या आत स्टॉप यायचा म्हणून कंडक्टर हैराण. रिटायर झाले आणि पंचाईत झाली. गाडी सुटली, पण पायातली घाई सुटली नाही. लेकीच्या लग्नाच्या पंगतीत वधूपिता मठ्ठा यायच्या आधीच उठला, आणि ओळीतले सगळे पाहुणे हातात जिलेबी घेऊन एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या सुमनबाईनं, कपाळाला हात लावला. "वहिनी, या मानसाले झोपेतई कुठं जाऊन राह्यलो असंच वाटते," ती म्हणायची. शेवटी गेलेही तसेच. दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा थांबले नाहीत.

या सगळ्या धावपळीच्या खाली एक काटा होता. तो सांगते.

गावात या घराचं नाव होतं 'मोटारखाऊ'. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण पत्ता सांगताना हटकून निघायचं. देवरावभाऊंचे वडील गणपत ड्रायव्हर. निजामाच्या राज्यात एका तालुकदारसाहेबांची काळी, लांब नाकाची विलायती मोटार ते चालवायचे. राज्य बुडालं, हैदराबाद हिंदुस्थानात आलं, त्या धामधुमीत साहेब रातोरात गेले. जाताना एवढंच म्हणाले, "गणपत, ये तुम्हारे पास अमानत है." साहेब परत आले नाहीत. थोड्या दिवसांनी पाहावं तर गोठ्यात मोटारीचा नुसता सांगाडा. इंजिन नाही, मागची चाकं नाहीत. गावानं ठरवून टाकलं: गणपतनं मोटार खाल्ली. दुसऱ्याची ठेव विकून खाल्ली. गणपत बोलला नाही. कोणी म्हणे लाजेनं, कोणी म्हणे भीतीनं. मग तापात गेलाच तो, देवरावभाऊ पाळण्यात असताना.

मागं राहिली सरूमाय. ती मात्र एकच पालुपद धरून होती. नवऱ्यानं मोटार खाल्ली नाही, उलट आपलाच गडवा मोटारीला खाऊ घातला. लग्नात मामानं दिलेला तांब्याचा गडवा, त्यावर नाव घातलेलं, तो कापून त्यानं मोटारीला ठिगळ लावलं. "माहा गडवा कापला हो त्या मोटारीसाठी!" हे मी लग्न होऊन आल्यापासून भिंतीपलीकडून ऐकत होते. खरं सांगू? आम्ही सगळे हसायचो. म्हातारीचा गडवा म्हणजे गावाचा विनोद होऊन बसला होता. पण ती बाई दसऱ्याला सोनं द्यायला पारावर कधी गेली नाही. आपट्याची पानं घरीच देवापुढं ठेवायची. म्हणायची, "मले कोन सोनं देईन? माह्या घरचे तं मोटारखाऊ." हे मात्र ऐकवत नसे.

देवरावभाऊ रिटायर होऊन काही वर्षं झाली होती, माय थकली होती. नजर गेल्यासारखीच होती. आणि देवरावभाऊंनी एका सकाळी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवून जाहीर केलं, "वहिनी, मोटार उभी करतो."

"कोंबड्या कुठं जातील मग?" मी विचारलं. सांगाड्याच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

"थट्टा नोका करू. मायच्या डोयात थोडा उजेड हाय तवर गावानं म्हनलं पाह्यजे का बापानं खाल्ली नाही. मंग मी मोकळा."

तेव्हा आमच्याकडं नवे जिल्हे होणार म्हणून गोंधळ चालला होता. एका आदिलाबादचे चार तुकडे. निर्मल वेगळं, बेज्जूरकडचा मुलूख वेगळ्या जिल्ह्यात, आपण कुठं, दाखला कुठं मिळणार, कोर्ट कुठं. माझ्या दुकानात दुसरा विषय नसे. सगळे तोडायच्या गोष्टी करत होते आणि हा गृहस्थ जोडायला निघाला होता.

आदिलाबादचे शब्बीरभाई मिस्त्री सांगाडा बघायला आले. मोटारीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उचललं, आतून एक कोंबडी उडाली. ते म्हणाले, "देवरावभाई, सीधी बात बोलता हूँ. पुरानी व्हॅन का डिझेल इंजन डालो. जीप के चक्के डालो. दसरे तक रोड पे."

"जीपचे चाकं नाही पाह्यजे."

"कायकू? चक्का चक्का होता."

"शब्बीरभाई, परके चाकं, परकं इंजिन घालून गाडी चालंल. पन मंग लोक काय म्हनतीन? का बापानं इकलेलं पोरानं इकत आनलं. जे गेलं तेच परत आलं पाह्यजे."

शब्बीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं, समजवा म्हणून. मी खांदे उडवले. मला तेव्हा हा शुद्ध वेडेपणा वाटत होता. तरी शब्बीरभाईंनी व्हॅनचं इंजिन मिळालं तसं आणून गोठ्यात ताडपत्रीखाली ठेवलंच. "पडा रहने दो. काम आता," म्हणाले.

पुढची दोन चाकं सांगाड्याला होती, सहा-सहा भोकांची. म्हणजे चाक ज्या बोल्टांवर बसतं ते सहा. मागची शोधायची होती. आमच्याकडं टायरच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आहेत त्यांना कुठल्या ना कुठल्या जुन्या मोटारीची चाकं असतात. लाकडी चाक चिखलात रुतायला लागलं की शेतकरी मोडीत निघालेल्या मोटारीचा कणा आणून बैलांमागं जोडतो. म्हणजे जिल्ह्यातल्या मेलेल्या सगळ्या मोटारी अजून कापूस वाहून राहिल्यात. देवरावभाऊंना हे सुचलं आणि त्यांना काय करू न काय नको असं झालं. दिसली बंडी की वाक. बाजाराच्या दिवशी आदिलाबादला हा साठी ओलांडलेला माणूस बंडीखाली आडवा आणि वर बैल शेपूट हलवतोय! कोणी विचारलं, देवराव कुठं, तर सुमनबाई सांगायची, "पाहा कोन्या बंडीखाली असन."

एक दिवस कळलं की बेज्जूरच्या पुढं, प्राणहितेकडं, एकाच्या बंडीला तश्शीच काळी चाकं आहेत आणि त्याच्या सासुरवाडीकडून आलीत, आमच्याच भागातून. झालं! ऐकलं त्या पावली निघाले. दोन बसा बदलून, जंगलातून, तिथं पोचले. त्या माणसाला नवी चाकं घेऊन दिली, जुनी दोन उचलली, आणि बसच्या टपावर टाकून परत. गावात उतरले तेव्हा मिरवणूक निघायचीच बाकी होती. चाकं गडगडवत गोठ्यात नेली, मागच्या कण्याला लावली, आणि आतून आवाज आला तो शिवीचा.

चाकांना भोकं पाच.

"अहो, तिथं मोजली नाहीत काऊन?" मी विचारलं.

"बस सुटून राह्यली होती."

"आणि दुसरी बस?"

"दुसरीले टाइम होता."

मी हसले नाही असं म्हणणार नाही. पोट दुखेपर्यंत हसले. सुमनबाईनं त्या चाकांवर फळी टाकून वाळवण मांडलं. सगळ्यात मोठं हसू पारावर झालं. तिथं कोंडबाजी बसायचे. गावातले सगळ्यात जुने, वारा कुठून वाहावा हेसुद्धा त्यांना विचारून ठरावं असा तोरा. 'मोटारखाऊ' हे नाव त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा निघालं होतं म्हणतात, अगदी तरुणपणी. ते आपल्या बंडीवर पाय सोडून बसले होते; त्या एका बंडीखाली वाकायची तेवढी देवरावभाऊंना हिंमत झाली नव्हती. म्हणाले, "देवराव, बापानं सहा भोकं खाल्ले, तूनं एक खाल्लं. सुधारना हाय!"

पारावर खसखस पिकली. देवरावभाऊ बंडीकडं बघत होते. मग एकदम खाली वाकले, कोंडबाजींच्या पायांमधून आत शिरले, आणि चाकावरचा चिखल बोटानं खरवडायला लागले. कोंडबाजी ओरडताहेत, "अरे, काय करून राह्यला? निंघ बाहीर!" आणि आतून आवाज, "एक... दोन... तीन..." पारावरचे सगळे खाली वाकले. "...पाच. सहा."

ज्या बंडीवर बसून म्हातारा जन्मभर मोटार खाल्ली म्हणत होता, ती बंडी मोटारीच्याच चाकांवर होती. आणि गंमत म्हणजे त्याला ते खरंच ठाऊक नव्हतं. तो लालबुंद झाला. "माह्या बापानं इकत घेतले हे! तुह्या बापानं इकले, माह्या बापानं घेतले. त्यातनं काय सिद्ध झालं?" आणि खरंच, काही सिद्ध झालं नव्हतं. उलट गाव म्हणालं, पाहा, विकली होती म्हणून तर सापडली.

त्या दिवसानंतर देवरावभाऊ पार बिथरले. चहाला यायचे, कप न घेताच जायचे. रस्त्याच्या त्या टोकापर्यंत आणि परत. मला त्यांचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. माय ओसरीवरून विचारायची, "देवा, जमून राह्यलं का रे?" आणि हे म्हणायचे, "जमते, जमते, निंगतो."

मग भाजीवाल्यानं खबर आणली. माझ्या दुकानात वांगी टाकतो तो. सहज बोलता बोलता म्हणाला, नार्नूरकडं एक बाई आहे, तिच्याकडं मोटीच्या जागी जुन्या मोटारीचं इंजिन आहे. लाइट येवो न येवो, तिच्या वांग्यांना पाणी. मी तोंड उघडायच्या आत देवरावभाऊ निघाले होते. पण दोन पावलं जाऊन परत आले. आयुष्यात पहिल्यांदा परत आले. "वहिनी, तुमी चाला. बाईमानूस हाय, तुमी बोलसान. माह्यानं या खेपी चूक नाही झाली पाह्यजे."

शब्बीरभाईंच्या टेम्पोतून गेलो. मळा नाल्याच्या काठाला. आवाज आधी आला, धप धप असा, दमेकऱ्यासारखा पण न थांबणारा. गिरजाबाई म्हणून सत्तरीची बाई, कासोटा घातलेली, हातात फावडं. मी कोण, कुठून, सगळं सांगितलं. गणपत ड्रायव्हरचं नाव काढलं तसं तिनं फावडं बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला.

"आले का हो तुमी?" ती म्हणाली. "माहे सासरे वाट पाहू पाहू गेले."

मी विचारलं, कसली वाट?

"हे गनपत डायवरची ठेव हाय म्हनत. त्या गडबडीत शिपाई मोटारी जप्त करून नेऊन राह्यले होते. मंग गनपतनं मोटार खोलली. सायबाची अमानत चोरीले जाऊ नये म्हनून येका घरी हे, येका घरी ते, असं ठेवलं. आन सगळ्यायले गळ्याची आन घातली, का आपल्यापाशी काय हाय ते कोनाले सांगायचं नाही. सासऱ्यानं मरेपावतर सांगतलं नाही. मले सांगतलं ते जाता जाता. गंजून जाईन म्हनून पान्याले लावलं, पन दर दसऱ्याले नारळ फोडून म्हनतो आमी, बाबा, तू आमचा नाहीस, मालक आला का जाय."

घ्या! म्हणजे साऱ्यांनी शपथ इतकी चोख पाळली, की त्यात शपथ घालणाराच बदनाम झाला. एकानं जरी तोंड उघडलं असतं तर सरूमायचा जन्म सुधारला असता. कोंडबाजींचा बापही त्यातलाच असणार, चाकं सांभाळली, पोराला बोलला नाही. मला गिरजाबाईच्या पाया पडावंसंही वाटलं आणि चार शब्द सुनवावेसेही वाटले.

इंजिनावर वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाची साल चढली होती. शब्बीरभाई नखानं ती सोलायला लागले आणि थबकले. "देवरावभाई, इधर आओ." पाणी आत जातं त्या झाकणाला तडा गेला होता आणि वरून तांब्याचा पत्रा ठोकून डाग दिला होता. पत्र्यावर कोरलेली अक्षरं होती, अर्धी कापलेली. मी चष्मा पुसून वाचलं: 'मामाकडू'. त्यापुढचा 'न' कात्रीत गेला होता.

मामानं दिलेला गडवा! इतकी वर्षं हसलो आम्ही त्या बाईला.

गिरजाबाईनं हात लांब करून इंजिन बंद करायला घेतलं. "घेऊन जा बापा. वांगे वाळले तं वाळले. ठेव ते ठेव."

तिच्यामागं वांगी फुलावर होती, टोमॅटो कमरेएवढे. आणि मी देवरावभाऊंकडं पाहिलं. ज्याच्यासाठी जिल्हा पालथा घातला ते समोर, आईच्या गडव्याचं ठिगळ अंगावर घेऊन, चालू. मला वाटलं आता हा माणूस पाना मागणार. त्यांनी तिचा हात धरला.

"राहू द्या, काकू. चालतं इंजिन बंद करनं माह्यानं होत नाही."

"आन तुमची मोटार?"

"व्हॅनचं घालतो. मले कळलं तेवढं बस झालं." मग खाली मान घालून म्हणाले, "फक्त तेवढा तांब्याचा तुकडा द्या. मायले दाखवाचा हाय."

पाणी देऊन होईपर्यंत थांबावं लागलं. देवरावभाऊ बांधावर बसले. हो, बसले! मांडी घालून, गुडघ्यावर हात ठेवून, वाफ्यामागून वाफा भरताना बघत. मी मुद्दाम बोलले नाही, न जाणो उठतील. मग शब्बीरभाईंनी जुना डाग सोडवला, नवा बसवला, आणि आम्ही निघालो तेव्हा मागं परत धप धप सुरू झालं होतं.

सरूमायच्या हातात तुकडा ठेवला. तिला दिसत नव्हतं, वाचताही येत नव्हतं. तिनं अंगठा फिरवला, अक्षरांवरून एकदा, परत एकदा. मग ती जी रडली! आणि रडता रडता भडकली. "मी म्हनत नव्हती? म्हनत नव्हती मी? कापला माहा गडवा!" देवरावभाऊही रडत होते, मीही रडत होते. जरा वेळानं डोळे पुसून म्हातारी म्हणाली, "मंग बाकीचा कुठं हाय?"

मी दुकानात सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं. दोन दिवसांनी सकाळी पाहते तर कोंडबाजींची बंडी त्यांच्या दारात दगडांवर टेकवलेली, आणि देवरावभाऊंच्या भिंतीला दोन चाकं उभी. धुतलेली. कोणी आणून ठेवली, कोणी पाहिलं नाही म्हणे.

त्या दसऱ्यालाच नवे जिल्हे झाले. तिकडं शहरात फटाके, भाषणं. इकडं आमच्या गल्लीत धूर. लांब नाकाच्या मोटारीत व्हॅनचं इंजिन काही मावलं नव्हतं, बॉनेट उघडंच ठेवावं लागलं. आवाज असा की गोठे हादरले. सुरू करायला सहा माणसांनी ढकललं, आणि शब्बीरभाईंनी बजावलं, बंद मत करना, बंद हुई तो फिर धक्का. त्यामुळं देवरावभाऊंना खाली उतरायची सोय नव्हती. मागच्या सीटवर सरूमाय, नवं लुगडं, पदराच्या गाठीत तांब्याचा तुकडा. ती सोनं घ्यायला पारावर गेली नाही. पारच तिच्याकडं आला. दार उघडून एकेक जण आत वाकायचा, आपट्याची पानं तिच्या ओंजळीत ठेवायचा, पाया पडायचा. तेलुगू शेजाऱ्यांनी जम्मी, म्हणजे शमीची पानं, दिली. ओंजळ भरली, मांडी भरली.

सगळ्यात शेवटी कोंडबाजी आले. काठी टेकत, मान खाली. पानं ठेवली तिच्या हातावर आणि तसेच उभे राहिले. मायनं हातानं चाचपून बाजूची पानं सरकवली, जागा केली.

"बस रे कोंडबा," ती म्हणाली. "आमी खाल्ली नाही मोटार."

म्हाताऱ्यानं चप्पल रस्त्यावर काढली, देवळात काढतात तशी, आणि अंग चोरून तिच्या बाजूला बसला. डोळे गळत होते त्याचे. मी हातात सोनं घेऊन ड्रायव्हरच्या बाजूनं पुढं झाले, देवरावभाऊंना द्यायला. त्यांनी मागं वळून दोघांकडं पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल, घटकाभर थांबेल.

"बसले ना बराबर?" ते म्हणाले. "चाला, निंगू."

आणि गेले. धुरात उघडं बॉनेट, मागं दोन म्हातारी डोकी, आणि रस्त्यावर राहिलेल्या कोंडबाजींच्या चपला. माझं सोनं माझ्या हातातच राहिलं.